ध्यानात ठेवायची गोष्ट

या पुस्तिकेत जे आहे ते पुस्तकांतून जमवलेलं थोडं आणि आमच्या पडवीत बसून हाती लागलेलं जास्त आहे. म्हणून आधी पडवीविषयी सांगते.

तौक्ते वादळ १६ मे २०२१ ला मालवणच्या किनाऱ्याला घासून वर सरकलं. सासऱ्यांनी लावलेले सात माड त्या एका दिवसात परड्यात आडवे झाले. आठवा पडवीच्या कोनावर पडला. कौलं फुटली, वासा मोडला. अकरा दिवस वीज नव्हती. करोनाचं दुसरं वर्ष चालू होतं. शेजारच्या दोन घरांतली माणसं गेली होती आणि त्यांच्या बाराव्यालाही धड कोणी जमू शकलं नव्हतं. वादळ गेलं तशी आमच्या वाडीची झोपही गेली. पहाटे चारला उठून बघावं तर कुणाच्या ना कुणाच्या दारात कंदील दिसायचा. एके दिवशी आम्ही पाचजण त्या मोडक्या पडवीत येऊन बसलो. बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी २००६ साली विपश्यनेचं दहा दिवसांचं शिबिर केलं होतं, वर्षभर बसले होते आणि मग सोडून दिलं होतं. तेवढ्या तुटपुंज्या भांडवलावर मी म्हटलं, दहा मिनिटं नुसता श्वास बघूया.

तेव्हापासून आमचं बसणं चालू आहे. पाचाचे चौदा झालो. मासळी विकणाऱ्या दोघी आहेत, एक निवृत्त कंडक्टर, होमस्टे चालवणारं एक जोडपं, इथून उठून थेट चर्चला जाणाऱ्या एक ख्रिस्ती मावशी, बारावीला एकदा अडकलेला एक मुलगा, रापणीच्या संघातले दोघे, आणि चौतीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवून घरी बसलेली मी. रोज बसल्यावर जे बोलणं व्हायचं ते मी वहीत टिपून ठेवायचे. त्या टिपणांचे बारा पाठ झाले.

पाहुण्यांनी चिवल्याच्या वाळूत पाय ठेवला की त्यांच्या तोंडून हमखास निघतं, तुम्ही भाग्यवान, एवढी शांतता रोज तुमच्या दारात. त्यांना वाटतं ते खोटं नसतं, पण त्यात सुट्टीचा वाटा मोठा असतो. इथे राहणाऱ्याला समुद्र म्हणजे डिझेलचा भाव, १ जून ते ३१ जुलै बंद असलेली मासेमारी, रिकामी परत येणारी होडी, देवबागला दर पावसाळ्यात घराच्या आणखी जवळ येणारी लाट. मुंबईला माझे निम्मे नातेवाईक आहेत; इथली माणसं त्यांच्यापेक्षा कमी बेचैन आहेत असं मला कधी दिसलेलं नाही. सिंधुदुर्ग किल्ल्याला चारी बाजूंनी खारं पाणी, आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशा गोड्या पाण्याच्या तीन विहिरी आहेत. सहलीला नेलेली मुलं तिथे वाकून वाकून बघायची. मी सांगायचे, कुरटे बेटाच्या खडकाखाली गोडं पाणी होतं हे खरं, पण कुणीतरी ते खणून काढलं. तेव्हा मी इतिहास शिकवत होते. आज तेच वाक्य सुखाविषयी म्हणावंसं वाटतं: ते या जागेच्या पोटात असेलही, पण इथे राहिल्याने आपोआप मिळत नाही.

‘माइंडफुलनेस’ हा शब्द आता सगळ्यांच्या कानावर आहे. मोबाइलच्या ॲपमध्ये आहे, कंपन्यांच्या शिबिरांत आहे, आमच्या होमस्टेवाल्यांना तर पाहुणे ‘तुमच्याकडे माइंडफुलनेस आहे का’ असं विचारतात. सिलोनमध्ये सरकारी नोकरी केलेल्या ऱ्हिस डेव्हिड्स या इंग्रज अभ्यासकाने १८८१ साली पाली ग्रंथांचा अनुवाद करताना ‘सती’ या शब्दासाठी तो वापरला आणि तो रूढ झाला. पालीतली सती म्हणजे संस्कृतातली स्मृती. मला हे प्रथम कळलं तेव्हा मी गोंधळले. श्वास बघण्याचा आठवणीशी काय संबंध? पण चार दिवस बसून पाहिलं की संबंध कळतो. तीन श्वास होतात आणि मन बाजारात गेलेलं असतं, वांगी काय भावाने मिळाली याचा हिशेब करत. आपण गेलोय हे कळायला आपण बसलो होतो हे आठवावं लागतं. ती आठवण म्हणजेच सती. आपल्या बोलण्यात हे सगळं आधीपासून आहे. आपण ‘ध्यानात ठेव’ म्हणतो, ‘माझ्या ध्यानातच राहिलं नाही’ म्हणतो. ध्यान आणि आठवण मराठीने एकाच शब्दात बांधून ठेवली आहे आणि आपण ती रोज वापरतो.

मला हे आडाळ्यावर शिकवलं गेलं. नऊ-दहा वर्षांची असेन. आते मला नारळ खवायला बसवायची. आडाळ्यावर एक पाय मुडपून बसायचं, कवड दोन्ही हातांत धरायची आणि दात्यांवर कडेपासून फिरवत आत यायचं. पांढरं खोबरं पडत असतं तोवर आवाज मऊ असतो. करवंटी जवळ आली की तो खरखरीत होतो. तिथे हात थांबला पाहिजे. एक फेरा जास्त झाला की तपकिरी साल खोबऱ्यात पडते आणि कढीचा रंग बिघडतो. माझं मन अंगणातल्या खेळात असायचं. आते माझ्याकडे पाठ करून बांगडे साफ करत असायची. वळून बघायचीसुद्धा नाही, नुसत्या आवाजावरून ओळखायची. ‘गो, ध्यान खंय आसा तुझा? बोट कापशीत!’ की मी दचकून हातांकडे परत यायचे. ती रागावायची नाही. दिवसातून दहा वेळा विचारायची आणि दहाही वेळा तिचा सूर तोच असायचा. पुढे शिबिरात दहा दिवस मौन पाळून मी जे शिकले ते याच प्रश्नाचं विस्तारित रूप होतं. आजही पडवीत मन भरकटलं की मी स्वतःला तिच्याच शब्दांत विचारते, आणि तिच्या सुरात विचारायचा प्रयत्न करते. तो सूर साधणं हे श्वास बघण्याहून अवघड आहे. आपण स्वतःवर फार लवकर खेकसतो.

‘लक्ष देण्याने सुख कसं काय मिळेल?’ हा प्रश्न आमच्या कंडक्टरांनी पहिल्याच आठवड्यात विचारला. मी त्यांना ज्ञानेश्वरीचा नववा अध्याय काढून दाखवला. १२९० साली नेवाशाला, त्या अध्यायाच्या अगदी तोंडालाच, ज्ञानेश्वर श्रोत्यांकडे एकच गोष्ट मागतात, अवधान. आणि त्याच्या बदल्यात सगळ्या सुखाची हमी देतात. ही आपली उघड प्रतिज्ञा आहे असंही सांगतात. मी तो अध्याय अनेकदा वाचला होता, पण ही देवघेव मला कधी डोळ्यांत भरली नव्हती. सुखासाठी ज्ञानेश्वर तिथे ना दान मागतात ना उपास. पंधरा-सोळा वर्षांचा तो मुलगा समोरच्या माणसांना म्हणतोय की इकडे लक्ष द्या, एवढं पुरे आहे. ती ओवी श्रोत्यांना गप्प करण्यासाठी घातलेली नसावी, ते त्याचं खरंखुरं म्हणणं असावं, असं मला आता वाटतं.

अमेरिकेत हार्वर्डच्या किलिंग्जवर्थ आणि गिल्बर्ट या दोघांनी २०१० साली २,२५० माणसांना मोबाइलवर दिवसातल्या कुठल्याही वेळी विचारलं: आत्ता काय करताय, मन त्यात आहे का, आणि कसं वाटतंय? जवळजवळ निम्म्या वेळा, ४६.९ टक्के, मन दुसरीकडेच होतं. आणि मन दुसरीकडे असलं की माणसं कमी सुखी होती, मग हातातलं काम आवडीचं असो वा नावडीचं. आतेला हे सांगितलं असतं तर तिला नवल वाटलं नसतं.

पण लक्ष दिलं की नेहमी बरंच वाटतं असं नाही, आणि हे सुरुवातीलाच सांगितलेलं बरं. गुडघा दुखत असेल तर लक्ष दिल्यावर तो जास्तच दुखतो. इथे पालीतला आणखी एक शब्द मला उपयोगी पडला. मराठीत वेदना म्हणजे दुखणं. पालीत वेदना म्हणजे कुठलंही जाणवणं: सुखाची वेदना असते, दुःखाची असते, आणि धड ना सुखाची ना दुःखाची अशीही असते. तिन्ही येतात आणि जातात. सुरमईचा पहिला घास तोंडात विरघळतो तीही वेदना, आणि ती जाते म्हणून आपण दुसरा घास उचलतो, मग तिसरा. पाचव्या घासाला आपण जेवत असतो की टीव्ही बघत असतो ते कळत नाही. या येण्याजाण्याला आपण सुख म्हणत असू तर ते टिकाऊ होणं शक्यच नाही. आमच्या पडवीत टिकाऊ म्हटलं की एवढाच अर्थ घेतला जातो: मन जाणार, आणि ते परत आणता येतं हा विश्वास अंगात मुरणार. दिवस वाईट गेला तरी तो विश्वास वाईट होत नाही. मला तरी या वयात यापेक्षा मोठं सुख मागावंसं वाटत नाही.

आता एका माणसाविषयी थोडं सविस्तर लिहायचं आहे. ‘हे सगळं अमेरिकेतून आलं’ असं कोणी म्हणालं की मला धर्मानंद कोसंबी आठवतात. १८७६ साली गोव्यात साखवाळला जन्म, म्हणजे आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. शिक्षण जेमतेम. घरची माडांची बागाईत बघायची आणि मनात सदा उदासी. आपल्या तरुणपणातल्या त्या खिन्नतेविषयी त्यांनी ‘निवेदन’ या आत्मचरित्रात इतक्या मोकळेपणाने लिहिलंय की वाचताना संकोच वाटतो. बुद्धाविषयी मराठीत जे थोडंफार मिळालं ते वाचून त्यांनी ठरवलं की मूळ धर्म शिकायचा. १८९९ मध्ये घर सोडलं. पुणे, ग्वाल्हेर, मग काशी. तिथे अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकले. नेपाळ झालं, सिलोन झालं, १९०२ साली भिक्षू झाले, ब्रह्मदेशात राहून ध्यान केलं. पुढे फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवली. चार वेळा हार्वर्डला जाऊन ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथाच्या संपादनाचं काम केलं. बुद्धघोषाच्या या ग्रंथात ध्यानाचे चाळीस विषय सांगितले आहेत आणि श्वासाचं भान त्यांतलाच एक विषय आहे. विशेष म्हणजे १९२५ साली त्यांनी ‘समाधिमार्ग’ लिहिलं, मराठीत, आपल्यासारख्यांना कळावं म्हणून. जॉन कबाट-झिन यांनी मॅसॅच्युसेट्सच्या वैद्यकीय महाविद्यालयात आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम सुरू केला तो १९७९ साली, आणि आजच्या ‘माइंडफुलनेस’चा उगम बहुतेक लोक तिथे धरतात. त्या अभ्यासक्रमाने दुखण्याने पिचलेल्या असंख्य माणसांचं भलं केलं आणि त्याविषयी मला आदरच आहे. पण त्याच्या चोपन्न वर्षं आधी हा विषय मराठीत छापून झाला होता हेही आपल्या ध्यानात असावं.

कोसंबींविषयी एक गोष्ट मला सलते आणि ती गाळून पुढे जाता येत नाही. त्यांनी घर सोडलं तेव्हा पत्नी बाळाबाई आणि तान्ही मुलगी मागे राहिली. सातेक वर्षं. साखवाळच्या त्या घरात बाळाबाईंनी ते दिवस कसे काढले हे मला ‘निवेदन’मधल्या कुठल्याही प्रवासाहून जास्त जाणून घ्यावंसं वाटतं. आमच्या गटातल्या बायकांपैकी एकीलाही घर सोडून जाण्याची सोय नाही. पावणेसहाला बसायचं तर पाचला उठून पाणी भरावं लागतं, आणि सहा वाजता कुणाचा तरी डबा. म्हणून या पुस्तिकेतला एकही पाठ घर सोडून जायला सांगत नाही. बारापैकी सात पाठ कामं करताना करायचे आहेत: भांडी घासताना, मासळीची पाटी डोक्यावर असताना, एसटीची वाट बघताना. कोसंबींनी वाट शोधली म्हणून आपल्याला ती मिळाली. तिचं मोल ज्यांनी घरात राहून दिलं त्यांच्यासाठी ती आता घरातून जायला हवी.

घर आणि नोकरी यांच्या मध्येच ज्याला हाक आली असा एक माणूस आमच्या जिल्ह्याच्या आठवणीत आहे. सोहिरोबानाथ आंबिये, जन्म १७१४, पेडण्याच्या पालये गावचे, राहायला बांद्याला, कुळकर्णीपद सांभाळणारे. परंपरा सांगते की सावंतवाडीहून दरबारचं बोलावणं आलं म्हणून ते निघाले. इन्सुलीच्या रानात दुपार झाली. पाण्याजवळ बसून त्यांनी बरोबरचा फणस फोडला. तेवढ्यात एका योग्याने खायला मागितलं, त्यांनी गरे पुढे केले, आणि तो योगी गहिनीनाथ निघाला. त्याने ‘सोऽहं’ची खूण दिली. ‘सो’ श्वास आत घेताना, ‘हं’ बाहेर सोडताना. म्हणायचं काही नसतं, श्वासच ते म्हणत असतो. योगी लोक दिवसाला असे २१,६०० श्वास मोजतात. कथेतला मला आवडणारा भाग फणसाचा आहे. दरबाराच्या कामाला घाईने निघालेला कारकून वाटेत बसून निवांत फणस फोडतो, आणि समोरच्याला आधी देतो. त्यांची पदं अजून आमच्याकडे भजनात म्हणतात. पंडित जितेंद्र अभिषेकींनी गायलेलं पद तर सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. त्यात आतला दिवा मालवू देऊ नये अशी विनवणी आहे. आमच्या पाठांत मात्र ‘सोऽहं’ घेतलेलं नाही. मावशी चर्चला जातात, पुढे आणखी कोणी येतील. श्वास सगळ्यांचा आहे, त्याला एकाच परंपरेचं नाव दिलं की दार थोडं मिटतं. सत्यनारायण गोएंका यांनी १९६९ साली ब्रह्मदेशातून येऊन विपश्यना पुन्हा इथे शिकवायला घेतली आणि पुढे इगतपुरीला धम्मगिरी उभं राहिलं, तेव्हा त्यांनीही श्वासाला कुठलाच शब्द न जोडण्याचा दंडक ठेवला. ज्यांना ‘सोऽहं’ लहानपणापासून सवयीचं आहे त्यांनी ते जरूर धरावं.

अवधान म्हणजे काय हे मला कुणी एका रात्रीत दाखवायला सांगितलं तर मी त्याला दशावताराला घेऊन जाईन. जत्रेतली रात्र, देवळासमोरचा मांड, पेटी, पखवाज, झांज. नाटकाला लिहिलेली संहिता नसते. आख्यान ठरतं, कोण राजा आणि कोण ऋषी ते ठरतं, तोंड रंगवायचं काम ज्याचं तो करतो; बोलायचं काय ते रंगमंचावर उभं राहिल्यावर. गेल्या वर्षी मी मुद्दाम बोलणाऱ्याकडे न बघता ऐकणाऱ्याकडे बघत बसले. राणीचं काम करणारा नट बाकावर बसला होता. राजा दहा मिनिटं बोलत होता आणि राणीची मान, बोटं, पापण्या त्या बोलण्याबरोबर हलत होत्या. शेवटच्या शब्दावर तिने श्वास घेतला आणि त्याच शब्दाला धरून उत्तर दिलं. पहाटे चहाच्या टपरीवर मी त्याला विचारलं की दहा मिनिटं मनात काय चालू होतं. तो म्हणाला, ‘समोरचो काय बोलता ता ऐकलंय तरच माका पुढचा सुचता.’ मी चौतीस वर्षं वर्गात बोलले. समोरचं मूल बोलताना माझ्या मनात माझंच पुढचं वाक्य तयार होत असे. पाचवा पाठ या नटाचा आहे: घरातल्या एका माणसाचं बोलणं, त्याचं वाक्य पुरं होईपर्यंत, आपलं वाक्य न जुळवता ऐकायचं. सगळ्या पाठांत हा सर्वांत कठीण असल्याचं आमच्या होमस्टेवाल्या जोडप्याने दोघांनी वेगवेगळं येऊन सांगितलं.

शाळेचा विषय निघालाच आहे तर एक कबुली देते. माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षांत ‘मित्र उपक्रम’ आला. मुलांनी शाळेत थोडा वेळ आनापान करायचं, म्हणजे शांत बसून येणारा-जाणारा श्वास बघायचा. मी मुलांना डोळे मिटायला सांगायचे आणि त्या वेळात वह्या तपासायचे. वर्ग गप्प बसतो एवढाच माझा त्यातला लाभ. मुलांना ते कळत होतं. एका मुलीने विचारलं होतं, ‘बाई, तुम्ही नाय बसत?’ मी उत्तर दिलं नाही. जे स्वतः करत नाही ते दुसऱ्याकडून करून घेऊ नये, एवढा एक नियम पडवीत पहिल्या दिवसापासून आहे, आणि तो त्या मुलीचा आहे.

दुसरी चूक याहून गंभीर होती. दुसऱ्या वर्षी आमच्यात एक जण यायचा. त्याचा भाऊ समुद्रात गेला होता. डोळे मिटून बसलं की त्याला पाणी दिसायचं, छाती दाटायची. त्याने मला सांगितलं आणि मी म्हटलं, बसत राहा, येईल ते बघ, निघून जाईल. ते निघून गेलं नाही. त्याची झोप पार उडाली, जेवण तुटलं. शेवटी त्याच्या बायकोने त्याला डॉक्टरकडे नेलं आणि औषधाने तो सावरला. मला शिकवण्याचा अधिकार नव्हता आणि मी शिकवलं. म्हणून इथे स्पष्ट लिहिते: ज्यांना मोठा धक्का बसलेला आहे, ज्यांचं मन आजारी आहे, ज्यांना जीव नकोसा होतो आहे, त्यांनी या पुस्तिकेपासून सुरुवात करू नये. आधी मानसोपचार करणाऱ्या डॉक्टरांकडे जावं. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं. नैराश्य पुन्हा पुन्हा येणाऱ्यांसाठी माइंडफुलनेसवर आधारलेले उपचार आज डॉक्टरही वापरतात, पण ते जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली. तो गृहस्थ आता आमच्यात येतो, डोळे उघडे ठेवून बसतो आणि समोरच्या जासवंदीकडे बघतो. तिसऱ्या पाठात डोळे उघडे ठेवून बसायची रीत आहे ती त्याच्याकडून आली.

रापणवाल्या दोघांपैकी एकाने एकदा तोंडावर विचारलं, ‘डोळे मिटून बसल्यार पर्ससीनवाले जातले काय?’ प्रश्न रास्त आहे. यांत्रिक नौका मोठ्या जाळ्याने मासळीचा थवाच्या थवा गोळा करून नेतात आणि किनाऱ्यावरून रापण ओढणाऱ्या पन्नास माणसांच्या वाट्याला कचरा येतो. २०१६ साली राज्य सरकारने पर्ससीनवर निर्बंध घातले, तरी किनाऱ्यावरची भांडणं मिटलेली नाहीत. ज्याच्यावर अन्याय होतोय त्याला ‘श्वास बघ, शांत हो’ म्हणणं हा त्या माणसाचा अपमान आहे, आणि ध्यानाचाही. पुन्हा कोसंबींकडेच जाते. पाली पंडित, ध्यानाचा एवढा अभ्यासक, आणि १९३० मध्ये मिठाच्या सत्याग्रहात उतरून तुरुंगात गेला. त्याच वर्षी आमच्या जिल्ह्यात शिरोड्याच्या मिठागरांवर लोकांनी लाठ्या खाल्ल्या. शांत मनाने माणूस घरात बसतो असं कुठल्याही परंपरेने म्हटलेलं नाही. त्या रापणवाल्याने पुढे मला जे सांगितलं ते मी आहे तसं देते: मोर्चात तो आता पहिल्यासारखा ओरडत नाही, समोरचा अधिकारी काय म्हणतो ते ऐकतो, आणि त्यातलं खोटं कुठे आहे ते त्याला आधीपेक्षा लवकर सापडतं.

शेवटच्या पाठाविषयी सांगून थांबते. बौद्ध परंपरेत मैत्री-भावना आहे: आधी स्वतःचं भलं चिंतायचं, मग जवळच्यांचं, मग ज्यांच्याशी आपला संबंध नाही अशांचं, मग ज्यांच्याशी वैर आहे त्यांचं. पुस्तकी भाषेत हे पडवीत कुणाच्या तोंडी बसेना. तेव्हा कंडक्टर म्हणाले, आपण गाऱ्हाणं घालूया की. आमच्याकडे जत्रेला, लग्नाला, नव्या होडीला, कशालाही गाऱ्हाणं घातलं जातं. एक जण उभा राहून गावच्या देवांना, वेशीला, पूर्वजांना एकेक नाव घेऊन हाक मारतो, मुंबईला गेलेल्या पोरांची आठवण काढतो, सगळ्यांना सुखी ठेव म्हणतो, आणि प्रत्येक मागणीला सगळे मिळून ‘व्हय म्हाराजा!’ म्हणतात. ते आम्ही हळू आवाजात करायला लागलो आणि एकदम जमलं. अडचण शेवटी आली. गाऱ्हाण्यात आपण वाकड्या नजरेपासून राखण मागतो. मैत्री-भावनेत त्या वाकडी नजर असणाऱ्याचंही भलं मागायचं असतं. आमच्या मासळीवालीचा शेजाऱ्याशी हद्दीतल्या माडावरून अकरा वर्षांचा दावा आहे. त्या ओळीला सगळे ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचे आणि ती ओठ मिटून बसायची. आम्ही कोणी काही बोललो नाही. आठ महिने गेले. मग गेल्या श्रावणात एका सकाळी तिचा आवाज इतरांच्या मागून, अर्धा, ऐकू आला. दावा अजून चालू आहे. माडाचे नारळ अजून तीच काढते.

पाठ क्रमाने करायलाच हवेत असं नाही, पण पहिला आठवडाभर करावा. एक पाठ, दहा मिनिटं, तेवढंच. वेळ मोजायला गजर लावू नका, उदबत्ती लावा. ती विझली की उठा. वाचून न कळलेलं बसून कळतं आणि एकट्याने न कळलेलं चौघांत कळतं, म्हणून मालवणात असाल तर या. पावणेसहाला बसतो, साडेसहाला मासळीचा टेम्पो येतो त्याआधी उठतो. कौलं नवी घातली आहेत, वासाही बदलला आहे. पावसाळ्यात छत्री बाहेरच्या खुंटीला टांगा आणि पाय पुसून वर या. पडवीची जमीन सारवलेली आहे, ओली झाली की बसायला त्रास होतो.